हॅव, हॅड की विल हॅव? इंग्रजीतले पूर्णकाळ ओळखायचे कसे

सोमवारी संध्याकाळच्या वर्गात मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारतो: रविवारी काय केलंत? वर्गात बँकेतले आहेत, मेडिकल स्टोअरवाले आहेत, मुलांचा अभ्यास घेता यावा म्हणून येणाऱ्या आया आहेत. उत्तरं मात्र एकाच साच्यातून पडतात. ‘आय हॅड गॉन टू माय ब्रदर्स हाउस.’ ‘वी हॅड सीन अ मूव्ही.’ ‘आय हॅड नॉट गॉन एनीव्हेअर, सर.’

यात आळस नाही की अज्ञानही नाही. हे मराठीचं इमानदार भाषांतर आहे. ‘काल मी भावाकडे गेलो होतो’ हे वाक्य मराठीत शंभर टक्के बरोबर. त्यातला ‘होतो’ सांगतो की गेलो, आणि तो विषय संपला, आता मी परत इथे आहे. इंग्रजीतला ‘हॅड’ हे सांगतच नाही. त्याचं काम वेगळं आहे, आणि शाळेत आपल्याला ‘आहे म्हणजे हॅव, होता म्हणजे हॅड, असेल म्हणजे विल हॅव’ असं पाठ करून दिल्यामुळे ते काम कधी कळतच नाही. भारतात ‘आय हॅड गॉन यस्टरडे’ सर्रास चालतं, ऐकणाऱ्याला समजतंही. पण स्पर्धा परीक्षेचा पेपर, परदेशातला क्लायंट किंवा नोकरीचा अर्ज समोर आला की हाच ‘हॅड’ नडतो.

आधी शेपटाकडे बघणं सोडा

मराठी क्रियापदाच्या शेवटी काय आहे ते बघून इंग्रजी काळ ठरवायचा नाही. का, ते तीन वाक्यांत दिसेल.

दाराशी उभे राहून तुम्ही खिसे चाचपताय आणि म्हणता, ‘अरे, चावी हरवली!’ मराठीत साधा भूतकाळ, ‘आहे’चा पत्ता नाही. इंग्रजीत मात्र ‘आय हॅव लॉस्ट माय की.’ दुसरं: ‘मी त्याला कालच फोन केलाय.’ इथे ‘आहे’ चिकटलेला आहे, तरी इंग्रजीत ‘आय कॉल्ड हिम यस्टरडे’, हॅव नाही. तिसरं: ‘मी दहा वर्षं ठाण्यात राहतोय.’ मराठीत सरळ वर्तमानकाळ, इंग्रजीत ‘आय हॅव लिव्ह्ड इन ठाणे फॉर टेन इयर्स.’

म्हणजे मराठीचा भूतकाळ तिकडे पूर्ण वर्तमान होतो, पूर्ण वर्तमान साधा भूतकाळ होतो, आणि वर्तमान पूर्ण वर्तमान होतो. शेपूट धरून चालणारा माणूस तिन्ही वेळा खड्ड्यात.

पूर्णकाळांच्या ‘परफेक्ट’ या इंग्रजी नावानेही गोंधळ होतो. इथे त्याचा अर्थ निर्दोष असा नाही. मूळ लॅटिन ‘पर्फेक्तुस’ म्हणजे पुरं झालेलं. आपल्या व्याकरणातलं ‘पूर्ण’ हे नाव त्यापेक्षा जास्त प्रामाणिक आहे.

मग बघायचं कशाकडे? तुम्ही उभे कुठे आहात त्याकडे

हान्स रायखेनबाख या जर्मन तत्त्वज्ञाने १९४७ साली काळांची एक साधी मांडणी केली. प्रत्येक वाक्यात त्याने तीन क्षण धरले: घटना घडली तो क्षण, आपण बोलतोय तो क्षण आणि जिथे उभं राहून आपण घटनेकडे बघतोय तो क्षण. पूर्णकाळांचं सगळं गणित या तिसऱ्या क्षणात आहे. पूर्णकाळ वापरणारा माणूस नेहमी मागे वळून बघत असतो. आज उभं राहून मागे बघितलं तर हॅव किंवा हॅज. भूतकाळातल्या एखाद्या जागी उभं राहून त्याच्याही मागे बघितलं तर हॅड. भविष्यात पुढे जाऊन उभं राहिलं आणि तिथून मागे बघितलं तर विल हॅव. आणि वळून बघतच नसाल, घटना जिथे घडली तिथेच नेऊन ठेवत असाल, तर साधा भूतकाळ.

हे हवेत नको राहायला, म्हणून सचिन तेंडुलकरच्या शंभराव्या शतकाकडे चला. नव्व्याण्णवावं शतक १२ मार्च २०११ रोजी नागपुरात झालं. शंभरावं १६ मार्च २०१२ रोजी मीरपूरला, बांगलादेशविरुद्ध. मधलं वर्षभर सगळा देश ताटकळत होता. २०११च्या पावसाळ्यात एखादा चाहता म्हणू शकत होता, ‘बाय द एंड ऑफ द इयर, ही विल हॅव स्कोअर्ड हिज हंड्रेथ हंड्रेड.’ तो मनाने डिसेंबरअखेरीस जाऊन उभा आहे. (शतक तोवर झालं नाही. विल हॅव अंदाज बांधतो, हमी देत नाही.) मीरपूरच्या त्या दिवशी टीव्हीसमोर बसलेला माणूस म्हणेल, ‘ही हॅज डन इट!’ तो आजमध्ये उभा आहे, घटना अजून गरम आहे. आज आपण सांगू: ‘ही स्कोअर्ड हिज हंड्रेथ हंड्रेड इन २०१२.’ घटना तिच्या वर्षात ठेवली, वळून बघणं नाही. आणि निवृत्तीच्या दिवसाची गोष्ट सांगताना: ‘व्हेन ही रिटायर्ड इन २०१३, ही हॅड स्कोअर्ड अ हंड्रेड हंड्रेड्स.’ इथे आपण २०१३मध्ये उभे आहोत आणि तिथून मागचं बघतोय.

शतक एकच, काळ चार. फरक पडला तो उभं राहायच्या जागेमुळे.

पायरी पहिली: हॅव की साधा भूतकाळ

नव्वद टक्के चुका इथे होतात, म्हणून इथे जरा बसू या.

पहिली चाळणी वेळेच्या शब्दाची. वाक्यात संपलेली वेळ असेल, म्हणजे यस्टरडे, लास्ट वीक, इन २०१९, टू डेज अगो, व्हेन आय वॉज अ चाइल्ड, तर हॅव बाद. डोळे झाकून बाद. ‘आय हॅव मेट हिम यस्टरडे’ हे इंग्रजी कानाला ‘मी उद्या गेलो’ इतकं खटकतं. ‘व्हेन’ने सुरू होणाऱ्या प्रश्नालाही हेच लागू: ‘व्हेन हॅव यू कम?’ नाही, ‘व्हेन डिड यू कम?’

पण काही वेळा संपलेल्याही असतात आणि न संपलेल्याही. ‘धिस मॉर्निंग’ घ्या. सकाळी अकराला म्हणाल, ‘आय हॅव हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग’, कारण सकाळ अजून चालू आहे, तिसरा कप होऊ शकतो. दुपारी चारला तेच ‘आय हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग’ होईल, म्हणजे साधा भूतकाळ (इथला हॅड चहा पिण्याचा). घड्याळ पुढे गेलं, खिडकी बंद झाली.

वेळेचा शब्दच नसेल तर दुसरी चाळणी: ‘मग आता?’ घटनेचा परिणाम या क्षणी कुणाच्या तरी कामाचा आहे का? ‘आय हॅव लॉस्ट माय की’ म्हणजे चावी अजून सापडलेली नाही, कुलूपवाल्याला बोलवा. ‘आय लॉस्ट माय की’ म्हटलं तर ऐकणारा वाट बघेल: कधी, कुठे, पुढे काय झालं? कारण ती आता गोष्ट झाली, तक्रार राहिली नाही. इंग्रजी बातम्या ऐकताना हे स्पष्ट दिसतं. पहिलं वाक्य ‘द मिनिस्टर हॅज रिझाइन्ड’, कारण बातमी ताजी. लगेच पुढचं वाक्य ‘ही सेंट द लेटर ऑन संडे नाइट’, कारण आता तपशील सुरू झाला. महिनाभर रोज इंग्रजी बातम्यांची फक्त पहिली दोन वाक्यं ऐका. व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा मी हाच उपाय सुचवतो.

तिसरी चाळणी माणूस हयात आहे का, किंवा कारकीर्द चालू आहे का, याची. कादंबरीकार अजून लिहिता असेल तर ‘शी हॅज रिटन सिक्स नॉव्हेल्स’, सातवी येऊ शकते. शेक्सपियर मात्र ‘रोट’. तो काही आता नवं नाटक देणार नाही. गंमत अशी की त्याच शेक्सपियरबद्दल ‘ही हॅज इन्फ्लुएन्स्ड मेनी रायटर्स’ चालतं, कारण माणूस गेला तरी प्रभाव आजही चालू आहे.

आता दोन शब्द ‘बीन’ आणि ‘गॉन’वर. इथे मराठी चक्क मदतीला येते. साहेब पुण्याला गेलेत आणि अजून तिकडेच आहेत: ‘ही हॅज गॉन टू पुणे.’ मी पुण्याला जाऊन आलोय: ‘आय हॅव बीन टू पुणे.’ जिथे ‘जाऊन आलोय’ बसतं तिथे बीन, हे विसरू नका. स्वतःबद्दल ‘आय हॅव गॉन टू दुबई’ असं समोर बसून सांगणारा माणूस तार्किकदृष्ट्या अजून दुबईतच असतो.

जस्ट, ऑलरेडी, येट हे शब्द ब्रिटिश इंग्रजीत हॅवच्या बाजूने झुकतात: ‘आय हॅव जस्ट ईटन.’ अमेरिकन माणूस ‘आय जस्ट एट’ किंवा ‘डिड यू ईट येट?’ म्हणतो, आणि तेही चूक नाही. तिकडे नोकरीला असलेल्या भाचीचं इंग्रजी सुधारायला जाऊ नका.

पायरी दुसरी: सिन्स आणि फॉर

‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.’ एका वाक्यात दोन चुका, आणि दोन्ही मराठीतून आलेल्या. ‘पाच वर्षांपासून’ आणि ‘२०१९पासून’, दोन्हीकडे आपला ‘पासून’ एकच. इंग्रजीत सुरुवातीचा बिंदू असेल तर सिन्स आणि लांबी असेल तर फॉर. सिन्स मंडे, सिन्स २०१९, सिन्स आय लेफ्ट स्कूल. फॉर थ्री डेज, फॉर फाइव्ह इयर्स, फॉर एजेस.

दुसरी चूक काळाची. मागे सुरू झालं आणि अजून चालू आहे, तर इंग्रजीला ‘अ‍ॅम’ पुरत नाही, हॅव लागतो. बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. ‘द फर्स्ट ट्रेन रॅन इन १८५३.’ घटना संपली, साधा भूतकाळ. ‘ट्रेन्स हॅव बीन रनिंग टू ठाणे सिन्स १८५३.’ धावणं चालूच आहे. ‘ट्रेन्स आर रनिंग सिन्स १८५३’ हे मात्र कुठेच बसत नाही.

यात एक पोटभेद आहे: हॅव डन की हॅव बीन डुइंग? किती झालं हे सांगायचं तर पहिलं, किती वेळ चाललंय हे सांगायचं तर दुसरं. ‘आय हॅव मेड फॉर्टी पोळीज’: चाळीस झाल्या, मोजा. ‘आय हॅव बीन मेकिंग पोळीज सिन्स सेव्हन’: सातपासून लाटतेय, पाठ मोडली, संपल्यात की नाही ते बाजूला ठेवा. २०११ सालच्या त्या चाहत्याचं रडगाणंही याच काळातलं: ‘वी हॅव बीन वेटिंग फॉर मंथ्स.’ नो, लाइक, बिलीव्ह अशा मनाच्या क्रियापदांना आणि मालकीच्या हॅवला हे ‘बीन डुइंग’ चिकटत नाही. ‘आय हॅव नोन हर फॉर टेन इयर्स’ बरोबर. ‘हॅव बीन नोइंग’ कधीच नाही.

पायरी तिसरी: हॅड, पण दुसरी खुंटी असेल तरच

हॅड लिहिण्याआधी स्वतःला विचारा: याच्यापुढे भूतकाळातली दुसरी कोणती घटना आहे, जिच्याआधी हे घडलं? अशी खुंटी सापडली नाही तर हॅड टांगायला जागाच नाही. ‘आय हॅड गॉन टू माय ब्रदर्स हाउस’ ऐकून इंग्रजी माणूस थांबून राहतो: बरं, आधी भावाकडे गेला होतास, आणि मग काय झालं? चोरी झाली?

कल्याण स्टेशनवर हे सगळ्यात चांगलं कळतं. ‘व्हेन आय रीच्ड द प्लॅटफॉर्म, द लोकल वॉज लीव्हिंग’: गाडी हलत होती, धावत जाऊन पकडली असेल. ‘व्हेन आय रीच्ड, द लोकल लेफ्ट’: मी पोचलो आणि मग ती सुटली, बहुतेक आत बसून सुटलो. ‘व्हेन आय रीच्ड, द लोकल हॅड लेफ्ट’: फलाट रिकामा, पुढच्या गाडीची घोषणा ऐकत बसा. दोन अक्षरांच्या हॅडने माणूस घरी उशिरा पोचला.

पण क्रम शब्दांनीच स्पष्ट असेल तर हॅडची सक्ती नाही. आफ्टर आणि बिफोर असताना ‘द ट्रेन लेफ्ट बिफोर आय रीच्ड’ पुरेसं आहे. घटना ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने सांगत असाल तरीही नको: ‘आय गॉट अप, हॅड टी अँड लेफ्ट.’ गोष्टीत उलटं मागे जायचं असेल तेव्हाच हॅड काढा.

दोन जागी मात्र मराठी आपल्याला हमखास फसवते. ती म्हणाली की तिने अर्ज भरला आहे. मराठी तिचे शब्द जसेच्या तसे ठेवते, ‘आहे’ला हात लावत नाही. इंग्रजी साधारणपणे ‘म्हणाली’च्या जागी जाऊन उभी राहते: ‘शी सेड शी हॅड फिल्ड इन द फॉर्म.’ दुसरी जागा ‘असतं तर’ची. ‘मला माहीत असतं तर मी आलो असतो.’ मराठीत दोन्ही बाजूंना ‘असत’ आहे, म्हणून आपण ‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम’ असं दोन्हीकडे वुड हॅव लावतो. लेखी इंग्रजीत इफच्या बाजूला फक्त हॅड: ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम.’

आणि ‘हॅड हॅड’ बघून बिचकू नका. ‘आय हॅड ऑलरेडी हॅड लंच व्हेन ही कॉल्ड.’ पहिला हॅड काळाचा, दुसरा जेवणाचा.

पायरी चौथी: विल हॅव

हा सगळ्यात सोपा. ‘अमुक वेळेपर्यंत झालेलं असेल’ असं म्हणायचं असेल तर बाय घ्या आणि विल हॅव लावा: ‘बाय मार्च आय विल हॅव पेड ऑफ द लोन.’ लक्षात ठेवायचं एवढंच की ‘बाय द टाइम’च्या पुढे विल येत नाही. तू येशील तोवर माझा स्वयंपाक झालेला असेल: ‘बाय द टाइम यू कम, आय विल हॅव फिनिश्ड कुकिंग.’ ‘येशील’ बघून ‘विल कम’ लिहिण्याचा मोह होतो. ‘काम झालं की फोन करतो’ हेही भविष्यच, पण तिथे ‘आय विल कॉल यू व्हेन आय हॅव फिनिश्ड.’

‘ती पोचली असेल’ या आपल्या अंदाजालाही हेच रूप चालतं, ‘शी विल हॅव रीच्ड बाय नाउ’, तसंच ‘मस्ट हॅव रीच्ड’.

कानाची पायरी

बोलताना हॅव, हॅड कुणी पूर्ण उच्चारत नाही. ‘आइड’ ऐकू आलं तर तो हॅड की वुड? पुढचं क्रियापद ऐका. तिसरं रूप आलं तर हॅड: ‘आइड सीन इट.’ मूळ रूप आलं तर वुड: ‘आइड सी इट.’ ‘हीज गॉन’मध्ये बहुतेक वेळा हॅज, ‘हीज गोइंग’मध्ये इज. आणि हॅवच्या पुढे नेहमी तिसरंच रूप: ‘हॅव गॉन’, ‘हॅव वेंट’ नाही. कम–केम–कम या त्रिकुटात पहिलं आणि तिसरं सारखं आहे, तिथे फार जण ‘हॅव केम’ लिहून मोकळे होतात.

एक खरा मेल, ओळीओळीने

वर्गातल्या एका मुलाने मुलाखतीनंतर पाठवलेला मेल दाखवला होता. त्याच्या परवानगीने, तपशील बदलून:

‘आय हॅड कम्प्लीटेड माय डिप्लोमा इन २०१९. आय हॅड जॉइन्ड माय प्रेझेंट कंपनी इन २०२०. आय अ‍ॅम वर्किंग देअर सिन्स फाइव्ह इयर्स. आय हॅव अटेंडेड युअर इंटरव्ह्यू ऑन मंडे. आय डिड नॉट रिसीव्ह एनी रिप्लाय टिल नाउ.’

पहिल्या दोन ओळींत साल दिलेलं आहे आणि दुसरी खुंटी नाही, म्हणून ‘कम्प्लीटेड’ आणि ‘जॉइन्ड’. तिसरी ओळ अजून चालू असलेल्या नोकरीची आहे आणि पाच वर्षं ही लांबी आहे: ‘आय हॅव बीन वर्किंग देअर फॉर फाइव्ह इयर्स.’ चौथीत ‘ऑन मंडे’ बसलाय, हॅव बाद: ‘आय अटेंडेड’. पाचवी गंमतीची. ‘आजवर उत्तर आलं नाही’ यात वाट बघणं चालू आहे, म्हणून नेमका इथेच हॅव हवा होता: ‘आय हॅव नॉट रिसीव्ह्ड अ रिप्लाय येट.’ नको तिथे तीनदा पूर्णकाळ चढवला आणि हवा तिथे उतरवला. त्याने पाचही ओळी बदलल्या, मग मला विचारलं, ‘सर, पण मूळ वाक्यं काय वाईट होती? माझ्या एचआरला कळली होती.’ कळली होती, हे खरंच आहे.

हातात पेन घ्या

उत्तरं खाली आहेत, आधी स्वतः करा. अ) गेल्या वर्षी आम्ही काश्मीरला गेलो होतो. आ) बाबा बाजारात गेलेत, पाच मिनिटांत येतील. इ) मी त्याला लहानपणापासून ओळखतो. ई) मी पोचलो तोवर सगळे जेवले होते. उ) तुम्ही कधी मिसळ खाल्ली आहे का? ऊ) तू उठशील तोवर मी निघून गेलेलो असेन.

अ) ‘वी वेंट टू काश्मीर लास्ट इयर.’ होतो असूनही हॅड नाही, वेळ संपलेली आहे. आ) ‘बाबा हॅज गॉन टू द मार्केट, ही विल बी बॅक इन फाइव्ह मिनिट्स.’ अजून तिकडेच आहेत, म्हणून गॉन. इ) ‘आय हॅव नोन हिम सिन्स चाइल्डहुड.’ ई) ‘बाय द टाइम आय रीच्ड, एव्हरीवन हॅड ईटन.’ इथे होते म्हणजे खरंच हॅड, कारण खुंटी आहे. उ) ‘हॅव यू एव्हर ईटन मिसळ?’ पण ‘काल खाल्लीत का?’ विचारलंत तर ‘डिड यू ईट मिसळ यस्टरडे?’ ऊ) ‘बाय द टाइम यू वेक अप, आय विल हॅव लेफ्ट.’ यात ‘विल वेक अप’ लिहिलं असेल तर चौथी पायरी पुन्हा वाचा.